पुढे दिवा, मागे अंधार

आष्टीहून आलापल्लीकडे येणाऱ्या रस्त्यावर ऑगस्टच्या दुपारी, ऊन-पावसाचा खेळ चालू असताना, एक गोष्ट लक्ष देऊन बघावी. रस्ता मोकळ्या धानाच्या बांध्यांमधून जातो तोवर समोरची गाडी अर्ध्या किलोमीटरवरूनही ओळखू येते. मग जंगल जवळ येतं, दोन्ही बाजूंचे साग रस्त्यावर झुकतात आणि डांबरावर कवडसे पडायला लागतात. उन्हातून आलेल्या डोळ्यांना सावलीतलं लगेच दिसत नाही. डोळ्याची बाहुली मोठी व्हायला काही सेकंद जातात, आणि अंधाराला डोळा पुरता सरावायला तर त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात समोरून राखाडी किंवा काळ्या रंगाची गाडी आली, तर ती सावलीत मिसळून जाते. तिच्या पुढे दोन पांढरे दिवे लागलेले असतील, तर मात्र ती गाडी आहे आणि आपल्याच दिशेने येते आहे हे तत्काळ कळतं.

दिवसा लागणाऱ्या या दिव्यांना शोरूममध्ये डीआरएल म्हणतात, आणि आता आपणही तेच म्हणतो. गेल्या काही वर्षांत आपल्या भागात ज्या घरांनी पहिली चारचाकी घेतली, त्यांपैकी बऱ्याच जणांच्या गाडीला हे दिवे कंपनीनेच दिलेले आहेत. ते छान दिसतात, म्हणून लोक खूश असतात. पण त्यांचं काम नेमकं काय, ते कुठे संपतं आणि आपलं काम कुठे सुरू होतं, हे गाडी हातात देताना फारसं कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख. यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो: हे दिवे समोरच्याला तुम्ही दिसावं म्हणून आहेत, तुम्हाला रस्ता दिसावा म्हणून नाहीत. आणि ते फक्त पुढे लागतात. बहुतेक गाड्यांमध्ये मागचा लाल दिवा त्यांच्यासोबत लागत नाही.

इंजिन चालू केलं की डीआरएल आपोआप लागतात, त्यासाठी वेगळं बटण दाबावं लागत नाही. तुम्ही हेडलाइट लावला की ते विझतात किंवा मंद होतात आणि पार्किंग लाइटचं काम करू लागतात. काही गाड्यांमध्ये इंडिकेटर दिला की त्या बाजूचा डीआरएल तेवढ्यापुरता बंद होतो, म्हणजे पिवळी उघडझाप ठळक दिसावी. हा बिघाड नाही. त्यासाठी चंद्रपूरच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत गाडी घेऊन जायची गरज नाही. युरोपात आणि तिथले नियम मानणाऱ्या देशांत प्रत्येक दिव्याची प्रखरता ४०० ते १,२०० कँडेला यांच्या दरम्यान असावी लागते. दिवसा डोळ्यांत भरावी, पण समोरच्याला दिपवू नये, असा तो हिशेब आहे. हेडलाइटच्या हॅलोजन बल्बला ५५ वॅट लागतात, एलईडीच्या डीआरएलला त्याच्या मानाने फारच कमी. त्यामुळे दिवसभर दिवे जळतात म्हणून पेट्रोल जास्त जातं का, ही काळजी करू नका. फरक लक्षात येण्याएवढा नसतो.

ही कल्पना उत्तरेकडच्या थंड देशांतून आली. तिथे हिवाळ्यात सूर्य दिवसभर क्षितिजाजवळच रेंगाळतो, दुपारीही संध्याकाळसारखा उजेड असतो. स्वीडनने १९७७ मध्ये दिवसाही दिवे लावून गाडी चालवणं सक्तीचं केलं. कॅनडात डिसेंबर १९८९ पासून नव्या गाड्यांना हे दिवे बंधनकारक झाले, तर युरोपीय संघात फेब्रुवारी २०११ पासून नव्या प्रकारच्या मोटारींना. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो. सुरुवातीला दिवसाढवळ्या दिवा लावलेली मोटारसायकल दिसली की लोक हाताचा पंजा उघडझाप करून ‘दिवा चालू आहे’ असं सांगायचे, ते आठवत असेल. मोटारींना मात्र अशी सक्ती नाही. कंपन्या देतात ते आपल्या मर्जीने, आणि पुष्कळदा वरच्या किमतीच्या मॉडेललाच.

आता आपल्या रस्त्यांचं बघू. भर उन्हात, एप्रिल-मेच्या दुपारी, डीआरएलचा उपयोग मर्यादित आहे. तेव्हा सागाची पानं झडलेली असतात, जंगल उघडं पडलेलं असतं आणि सूर्यप्रकाश थेट रस्त्यावर येतो. त्या उजेडात समोरची गाडी तशीही दिसतेच. पण पावसाळा सुरू होऊन सागाला ती सुपाएवढी पानं फुटली, की जुलैपासून थेट डिसेंबर-जानेवारीपर्यंत तोच रस्ता वेगळा होतो. भामरागड रस्त्यावर आलापल्लीपासून सुमारे १६ किलोमीटरवर वनवैभव आहे, २०१४ साली जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ. तिथल्या उंच, जुन्या झाडांखाली ढगाळ दिवशी भर दुपारीही उजेड संध्याकाळसारखा वाटतो. अशा ठिकाणी डीआरएल असलेली आणि नसलेली गाडी समोरून येताना किती अंतरावर ओळखू येते, यात पुष्कळ फरक पडतो. म्हणून माझं मत असं, की नागपूर-पुण्याच्या रस्त्यांपेक्षा आपल्याकडे या दिव्यांची गरज जास्त आहे. बजेट जुळत असेल तर गाडी घेताना सनरूफपेक्षा हे दिवे असलेलं मॉडेल बघा.

मागे जाऊन बघा

गाडी घराच्या सावलीत उभी करा, इंजिन चालू करा, हँडब्रेक लावा आणि उतरून मागे जा. हेडलाइटच्या कांडीला हात लावू नका. पुढे पांढरे दिवे लागलेले आहेत. मागे? बहुतेक गाड्यांमध्ये काहीच नाही. ब्रेक दाबल्याशिवाय मागची बाजू पूर्ण अंधारात. आता घरातल्या कोणाला तरी कांडी एक टप्पा फिरवायला सांगा: पार्किंग लाइट लागले, मागचे लाल दिवे उजळले, नंबरप्लेटवरचा लहान दिवाही लागला. दुसरा टप्पा: हेडलाइट. एवढ्या दोन मिनिटांत तुमच्या गाडीबद्दल जे कळतं, ते माहितीपुस्तिकेच्या अनेक पानांतून कळत नाही. काही नव्या गाड्यांत डीआरएलबरोबर मागचे दिवेही लागतात. तुमची गाडी त्यातली आहे का, हे असंच मागे जाऊन तपासायचं. अंदाज करायचा नाही.

फसगत होते ती अशी. पूर्वी अंधार पडला की डॅशबोर्डवरचे काटे दिसेनासे व्हायचे, मग आपोआप हात कांडीकडे जायचा. आता डॅशबोर्ड म्हणजे पडदा. तो दिवसरात्र उजळलेला असतो. समोर रस्त्यावर डीआरएलचा थोडा उजेडही पडतो. त्यामुळे चालवणाऱ्याला वाटतं, दिवे लागलेले आहेत. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला मात्र त्या अंधाऱ्या रस्त्यावर पुढे गाडी आहे हेच कळत नाही. ही चूक आपल्याच लोकांची आहे असं समजू नका. कॅनडात ती इतकी पसरली, की सप्टेंबर २०२१ पासून तिथे नव्या गाड्यांना नियमच करावा लागला: एक तर डीआरएलबरोबर मागचे दिवे लागले पाहिजेत, नाही तर अंधार पडताच सगळे दिवे आपोआप लागले पाहिजेत, किंवा दिवे लावेपर्यंत डॅशबोर्ड अंधारात राहिला पाहिजे.

आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने दिवे लावा, एवढंच सांगितलेलं नाही. पुरेसा उजेड नसेल तेव्हा, कोणत्याही वेळी, दिवे लागलेले असले पाहिजेत. आणि त्या दिव्यांत १५५ मीटर पुढचा माणूस किंवा वाहन स्पष्ट दिसलं पाहिजे. म्हणजे सागवनातल्या पावसाळी दुपारी तीन वाजताही, उजेड पुरेसा नसेल, तर हेडलाइट लावणं हा नियमच आहे. घड्याळाकडे बघायचं नाही, रस्त्याकडे बघायचं.

घड्याळ तर आपल्याकडे विशेषच फसवतं. आलापल्ली साधारण ८० अंश पूर्व रेखांशावर आहे, मुंबई ७३ च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपल्याकडे सूर्य मुंबईपेक्षा जवळपास अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरमध्ये साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि जंगलातल्या रस्त्यावर त्याच्याही बऱ्याच आधी अंधारून येतं. दिवाळीच्या सुट्टीत किंवा हेमलकसा बघायला पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना हे ठाऊक नसतं. ‘सहा वाजेपर्यंत पोचतो’ असं ते फोनवर सांगतात, ते त्यांच्याकडच्या सहाच्या उजेडाच्या हिशेबाने. त्यांना निघण्याआधीच सांगा, की वाटेत चार वाजले की दिवे लावायचे.

पावसासाठी एक साधा दंडक पुरे: वायपर चालू, की हेडलाइट चालू, डिपरवर. रिमझिम असो की मुसळधार. मुसळधार पावसात बरेच जण चारही इंडिकेटर लावून गाडी चालवतात. ते करू नका. ती खूण उभ्या गाडीसाठी आहे. शिवाय बहुतेक गाड्यांमध्ये चारही इंडिकेटर लावलेले असले, की तुम्ही कोणत्या बाजूला वळणार हे मागच्याला सांगायचा मार्गच उरत नाही.

धुरळ्याचंही तेच. सुरजागडच्या खाणीतलं लोहखनिज नेणारे ट्रक सुरू झाल्यापासून एटापल्ली-आलापल्ली भागातल्या रस्त्यांची दशा सगळे जाणतात. कोरड्या दिवसांत एका ट्रकमागे उडालेला लालसर धुरळा खाली बसेपर्यंत दुसरा ट्रक येतो. त्या धुरळ्यात शिरताना पुढे डीआरएल असून उपयोग नाही. तुमच्या मागेही एक ट्रक आहे आणि त्याला तुमचे लाल दिवे दिसले पाहिजेत. हेडलाइट लावा, वेग कमी करा, आणि पुढच्या ट्रकच्या मागच्या फळीला चिकटून चालू नका. घरी आल्यावर मागचे दिवे ओल्या फडक्याने पुसा. लाल धूळ लाल काचेवर नजरेत येत नाही, पण उजेड मात्र अडवते.

ओव्हरटेकचा हिशेब

आपल्या भागातले बहुतेक रस्ते दुपदरी, मध्ये दुभाजक नसलेले. तिथे पुढच्या ट्रकला मागे टाकताना किती रस्ता मोकळा हवा, याचा हिशेब एकदा घरी बसून करावा. समजा ट्रक ताशी ४० ने चालला आहे आणि तुम्ही ६० ने. तुमचा त्याच्यापेक्षा जास्तीचा वेग ताशी २०, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ट्रकच्या मागचं सुरक्षित अंतर, ट्रकची लांबी, तुमच्या गाडीची लांबी आणि पुढे जाऊन परत आपल्या बाजूला यायला लागणारी जागा मिळून पन्नास मीटर धरा. ते कापायला नऊ सेकंद लागतात. त्या नऊ सेकंदांत तुम्ही दीडशे मीटर पुढे जाता. समोरून कोणी ताशी ६० ने येत असेल तर तोही दीडशे मीटर जवळ येतो. म्हणजे किमान तीनशे मीटर रस्ता स्वच्छ दिसला पाहिजे, तोही सरळ. आलापल्लीहून सिरोंच्याकडे जाताना, रेपनपल्ली-जिमलगट्ट्याच्या जंगलातून जाणाऱ्या वळणांवर, एवढा रस्ता एका नजरेत दिसणं अवघड.

इथे डीआरएलचा एक धोका सांगायलाच हवा. बऱ्याच नव्या गाड्यांना दिवे आले, की डोळा दिव्यांवरच भरवसा ठेवायला लागतो. ‘समोर दिवा नाही, म्हणजे गाडी नाही’ असा समज मनात नकळत बसतो. आपल्या रस्त्यावर मात्र २०१७ आधीच्या मोटारसायकली आहेत, ट्रॅक्टर आहेत, बैलगाड्या आहेत, सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुली आहेत, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया आहेत. त्यांतल्या कोणाकडेच दिवसा आपोआप लागणारा दिवा नाही. मोटारींचे दिवे वाढले की दुचाकीचा एकुलता दिवा त्यांच्यात हरवतो, ही तक्रार युरोपातल्या मोटारसायकलस्वारांनी फार आधीच केली होती. म्हणून ओव्हरटेक करताना दिवा शोधू नका, मोकळा रस्ता शोधा. दिसत नसेल तर ट्रकच्या मागेच राहा.

भरलेली गाडी आणि वर गेलेला झोत

रात्रीचा प्रवास टाळता आला तर टाळाच. पण लग्नकार्य, दवाखाना, नागपूरची रेल्वे अशी कारणं असतातच. तेव्हा दोन गोष्टी पक्क्या माहीत हव्यात: डिपर आणि हेडलाइटची उंची.

घरची गाडी लग्नाला निघते ती रिकामी नसते. मागे तीन माणसं, मांडीवर एखादं लेकरू, डिकीत बॅगा, आहेराची भांडी, डाळ-तांदळाची पिशवी. गाडीचं मागचं अंग खाली बसतं, नाक वर होतं आणि डिपरचा झोतही वर जातो. तुम्ही डिपरवर असता, पण समोरच्याच्या डोळ्यांत तो अप्परसारखाच घुसतो. तो रागाने तुम्हाला डिपर मारतो आणि तुम्हाला कळत नाही का. यावर उपाय गाडीतच असतो. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला, डॅशबोर्डच्या खालच्या भागात ० ते ३ आकडे असलेली एक लहान चकती असते. पुढे एक-दोघेच बसलेले असतील तर ती ०, मागची सीट भरलेली असेल तर १ किंवा २, डिकीही भरलेली असेल तर २ किंवा ३. नेमका आकडा पुस्तिकेत असतो, तो एकदा बघून ठेवा. परत आल्यावर चकती ० वर न्यायला विसरू नका, नाही तर दुसऱ्या दिवशी रिकाम्या गाडीतून पुढचा रस्ताच दिसणार नाही. आणि लेकराला मांडीवर बसवू नका. मागच्या सीटलाही पट्टे असतात आणि ते लावणं कायद्याने बंधनकारक आहे. लहान मुलांसाठी वेगळी बाळसीट मिळते.

झोत बरोबर आहे का हे घरी तपासता येतं. सपाट जमिनीवर, भिंतीपासून दहा मीटरवर, भिंतीकडे तोंड करून गाडी उभी करा. हेडलाइटच्या मध्यबिंदूची जमिनीपासूनची उंची मोजा, तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ मारा. डिपर लावा. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण दहा सेंटिमीटर खाली असली पाहिजे. रेघेच्या वर जात असेल किंवा एका बाजूचा झोत दुसरीपेक्षा वर असेल, तर मेकॅनिककडून बसवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण खड्ड्यांत आदळून आदळून स्क्रू हलतात, म्हणून वर्षातून एकदा करावं.

जंगलातून जाताना समोर कोणी नसेल तर अप्पर लावायला हरकत नाही. ते त्यासाठीच आहे. समोर दिवा दिसला की लगेच डिपर. तुम्ही कोणाच्या मागे असलात तरीही डिपर, कारण अप्परचा झोत त्याच्या आरशातून त्याच्या डोळ्यांत जातो. रस्त्याच्या कडेला दोन हिरवट ठिपके चमकले तर ते जनावर आहे. चितळ असेल तर एकटं नसतं, एक पार झालं की मागून दुसरं येतंच. वेग उतरवा, डिपर करा, कारण अप्परच्या झोतात जनावर दिपून रस्त्यातच उभं राहतं. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात आला, तेव्हापासून हत्तींचाही विचार करावा लागतो. हत्ती दिसला तर लांबच थांबा, हॉर्न नाही, दिव्यांची उघडझाप नाही. शांतपणे मागे या.

बाजारातले दिवे

जुन्या गाडीला डीआरएल नसतात, मग बाजारातून पट्ट्या आणून बसवायचा मोह होतो. बसवूच नका, असं मी म्हणणार नाही. पण कोणत्या बसवता आणि कशा, यावर सगळं अवलंबून आहे.

बॉनेट उघडून बघितलं की स्वस्त काम लगेच ओळखू येतं. बॅटरीच्या टोकाला गुंडाळलेली एक तार, तिला फ्यूज नाही. ती पार्किंग लाइटच्या तारेला चाकूने सोलून जोडलेली, वर काळी चिकटपट्टी, आणि इंजिनाच्या उष्णतेने त्या पट्टीचा गोंद सुटून ती लोंबत असलेली. पहिल्या पावसात तिथे गंज धरतो. त्यापुढे एक तर दिवा जातो, नाही तर रात्रभर बॅटरी उतरते, नाही तर तार तापते आणि गाडी पेटते. चांगल्या कामात रिले असते, स्वतंत्र फ्यूज असतो, पाणी न शिरणारे कनेक्टर असतात, आणि हेडलाइट लावला की पट्टी विझते. हे शेवटचं बसवणाऱ्याला आधीच सांगा. रात्री हेडलाइटबरोबर पट्टीही जळत राहिली, तर समोरच्याच्या डोळ्यांना चार दिव्यांचा मारा होतो.

रंग पांढराच हवा. निळा, लाल, रंग बदलणारा, उघडझाप करणारा, काहीही नको. जागेचा आंतरराष्ट्रीय निकष असा: दिवे जमिनीपासून २५ सेंटिमीटरपेक्षा खाली नसावेत, दीड मीटरपेक्षा वर नसावेत आणि दोघांत किमान ६० सेंटिमीटर अंतर असावं. याचं कारण सरळ आहे. दोन दिवे जवळजवळ असले की लांबून ती मोटारसायकल वाटते, आणि समोरचा त्या हिशेबाने जागा सोडतो.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये बाजारातला एलईडी किंवा एचआयडी बल्ब बसवल्याने. हॅलोजनच्या दिव्याची आतली वाटी हॅलोजनच्या तारेच्या जागेचा हिशेब करून बनवलेली असते. दुसऱ्या प्रकारचा बल्ब घातला की उजेड ठरलेल्या जागी न पडता सगळीकडे विखुरतो. चालवणाऱ्याला जास्त उजेड दिसतो म्हणून तो खूश, समोरचा आंधळा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार गाडीत नियमबाह्य बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण मी दंडाच्या भीतीने सांगत नाही. त्या दिपलेल्या डोळ्यांसमोर त्याच वेळी रस्त्याच्या कडेने एखादा सायकलवाला चाललेला असतो आणि तो दिसत नाही, म्हणून सांगतो.

रोजची निगा

आपल्या भागात कंपनीचं मोठं सर्व्हिस सेंटर गाठायचं म्हणजे चंद्रपूर, शंभराहून जास्त किलोमीटर. त्यामुळे बारीकसारीक गोष्टी स्वतः बघायची सवय हवी.

उंदीर हा मोठा शत्रू आहे. सुगीनंतर अंगणात धानाच्या गंज्या, ओसरीत मोहाची पोती, आणि बाजूला गाडी उभी, म्हणजे उंदरांना घर आणि जेवण दोन्ही मिळालं. ते बॉनेटमध्ये शिरतात आणि तारा कुरतडतात. हेडलाइटच्या तारा टोकाला असतात म्हणून त्या आधी जातात. गाडी धान्यापासून लांब लावा आणि रोज चालवत नसाल तर दोन-तीन दिवसांनी बॉनेट उघडून बघा. काळ्या लेंड्या, गवताच्या काड्या, अर्धवट खाल्लेली फळं दिसली की समजा पाहुणे आलेत. आतमध्ये गोड वास येणारं काही ठेवू नका. गाडीचा सर्वसमावेशक विमा असेल तर उंदरांनी केलेलं नुकसान त्यात धरलं जातं का, हे पॉलिसी घेतानाच विचारा. कंपनीगणिक उत्तर वेगळं असतं.

ऊन दुसरा शत्रू. चंद्रपूरचं तापमान ४७-४८ अंशांपर्यंत जातं, आपल्याकडेही उन्हाळा फार मागे नसतो. या उन्हात हेडलाइटची काच, जी खरं तर प्लास्टिक असते, काही वर्षांत पिवळी आणि धुरकट होते, आणि उजेड निम्म्यावर येतो. गाडी शक्यतो झाडाच्या किंवा छपराच्या सावलीत लावा. काच कोरड्या फडक्याने घासू नका. धुळीचे कण तिला ओरखडे पाडतात. आधी पाणी, मग फडकं. काच फार पिवळी झाली असेल तर ती पॉलिश करून मिळते, नवा दिवा घेण्यापूर्वी ते करून पाहा.

उष्णतेने बॅटरीही लवकर म्हातारी होते. टोकांवर पांढरट-हिरवट भुकटी साचली असेल तर इंजिन बंद करून, आधी ऋण मग धन टोक सोडवून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवा, कोरडं करा, वर व्हॅसलीनचं बोट फिरवा. जोडताना आधी धन, मग ऋण. टायरमधली हवा थंड टायरवर बघा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो, आणि भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो. पीयूसी आणि विमा यांच्या तारखा मोबाइलमध्ये घालून ठेवा, एवढं त्याबद्दल पुरे.

भामरागडकडे किंवा सिरोंच्याकडे निघताना आलापल्लीतच टाकी भरा. पेरमिली-ताडगावच्या पुढे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा पाण्याची खबर घेतल्याशिवाय निघू नका. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी कितीही उंच असली तरी घालू नका. गाडीत एक चांगली टॉर्च, परावर्तक त्रिकोण आणि फ्यूजची डबी ठेवा. गाडी रस्त्यात बंद पडली तर चारही इंडिकेटर लावा आणि त्रिकोण गाडीच्या मागे पन्नास मीटरवर ठेवा, वळण असेल तर वळणाच्याही मागे. सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा. गाडीत बसून वाट बघू नका.

राहिला कंपनीने दिलेल्या डीआरएलचा खर्च. हे एलईडी पुष्कळदा हेडलाइटमध्येच पक्के बसवलेले असतात. एक पट्टी गेली तर बल्ब बदलल्यासारखी ती बदलता येत नाही, अख्खा दिवा बदलावा लागतो, आणि तो हजारांत जातो. गाडी घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: डीआरएल वेगळा बदलता येतो का, हेडलाइटच्या पूर्ण संचाची किंमत किती, आणि डीआरएलबरोबर मागचे दिवे लागतात का. तिसऱ्याचं उत्तर तोंडी घेऊ नका, त्याच्यासमोरच गाडी चालू करून मागे जाऊन बघा. पावसाळ्यात हेडलाइटच्या आत थोडी वाफ धरणं नेहमीचं आहे, दिवा लावून थोडं अंतर चाललं की ती जाते. पण आत पाण्याचे थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचलं असेल तर सील फाटलं आहे. पावसाळ्यातच त्याचा तारीख दिसेल असा फोटो काढा आणि वॉरंटी संपण्याआधी, पहिल्याच सर्व्हिसिंगला, तो दाखवून दिवा बदलून मागा. उन्हाळ्यात गेलात तर पाणी वाळलेलं असतं आणि हातात दाखवायला काही राहत नाही.